आपत्तीतील रोख मदत आणि दानाचा विधी

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रते आणि त्यांचे अतिचार यांचे विवेचन झाल्यावर आचार्य उमास्वातींनी शेवटी दानाचा विषय घेतला आहे. स्व-परकल्याणासाठी आपल्या वस्तूवरील स्वामित्व सोडणे म्हणजे दान, असा तेथील व्याख्येचा आशय आहे. त्यापुढच्या सूत्राचा आशय अधिक सूक्ष्म आहे. सगळी दाने सारखी नसतात. विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींच्या भेदाने दानात भेद पडतो. मुनींच्या आहारदानाच्या संदर्भात हे चार शब्द प्रवचनांतून वारंवार कानी येतात. परंतु मराठवाड्यावर आलेल्या आपत्तींकडे, आणि त्या वेळी घरोघर पोहोचलेल्या किंवा वाटेतच अडकलेल्या पैशाकडे पाहिले, तर याच चार शब्दांचा व्यवहारातील अर्थही स्पष्ट होतो.

२०२५ च्या ऑगस्टच्या मध्यावर नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली. लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील हसनाळ, रावणगाव, भासवाडी या गावांत रात्रीतून पाणी शिरले. हसनाळमध्ये माणसे दगावली, जनावरे वाहून गेली. सप्टेंबरात मांजरा, तेरणा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत पुन्हा पूर आले. लातूर, नांदेड, धाराशिव, बीड या जिल्ह्यांत काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली कुजले. नदीकाठच्या अनेक शेतांत तर पिकाबरोबर मातीही राहिली नाही. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. पिकांची भरपाई, रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये, दुभत्या जनावरासाठी ३७,५०० रुपये, खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये, गाळाने भरलेल्या विहिरीसाठी ३०,००० रुपये, अशी त्यातील काही कलमे होती. यातील बहुतेक रक्कम थेट बँक खात्यात जमा होणारी होती. सरकारच्या बरोबरीने गुरुद्वारे, मठ, व्यापारी मंडळे, जैन संघ आणि असंख्य छोटी मंडळे मदतीला धावली. त्यांच्या वाहनांत मात्र बहुधा धान्याचे संच, चादरी आणि कपड्यांचे गठ्ठे होते.

येथे पहिला प्रश्न उभा राहतो, तो द्रव्याचा. संकटात सापडलेल्या कुटुंबाला नेमके काय द्यावे?

एकाच गल्लीतील चार घरे घ्यावीत. एका घरात धान्य भिजले आहे. दुसऱ्या घरात धान्य शाबूत आहे, पण म्हातारीची रक्तदाबाची औषधे वाहून गेली आहेत. तिसऱ्या घरातील मुलीच्या महाविद्यालयीन शुल्काची मुदत आठ दिवसांवर आली आहे. चौथ्या घरात शेळ्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर रोजची मीठ-मिरचीही गेली. या चारही घरांना पाच किलो तांदूळ, एक लिटर तेल आणि एक चादर दिली, तर देणाऱ्याला समाधान मिळते; परंतु तीन घरांची अडचण जशीच्या तशी राहते. पुढे तोच तांदूळ निम्म्या किमतीत विकून औषध आणावे लागते. म्हणजे दात्याने खर्च केलेल्या रुपयातील आठ आणे वाटेतच सांडतात. रोख रक्कम दिली, तर प्रत्येक घर आपापल्या गरजेनुसार ती खर्च करते. दात्याला ठाऊक नसलेली गरज त्या घराला ठाऊक असते, एवढे साधे तत्त्व यामागे आहे. म्हणूनच जागतिक अन्न कार्यक्रमासारख्या संस्थाही आज धान्याच्या जोडीला रोख मदत देतात.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लक्षावधी माणसे पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडण्याच्या कामांवर होती. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. सुकडी वाटली गेली, तिने अनेक लेकरे जगवली. परंतु घर चालले ते आठवड्याच्या मजुरीवर. मजुरीचा पैसा हाती आला म्हणून गावच्या बाजारातून ज्वारी, मिलो घेता आली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या कायद्याने हक्क बनली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. भुकेल्याला अन्नाबरोबर क्रयशक्तीही दिली पाहिजे, हे मराठवाड्याच्या कोरड्या माळांवर सिद्ध झालेले सत्य आहे.

अर्थात, रोख रक्कम हे सर्वकाळचे औषध नव्हे. पुराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दुकाने पाण्याखाली असतात, चुली विझलेल्या असतात, पिण्याचे पाणी नसते. त्या वेळी हातातील नोट शिजवून खाता येत नाही. तेव्हा तयार अन्न, शुद्ध पाणी, औषध आणि कोरडा निवारा हेच श्रेष्ठ द्रव्य. काही हानी तर अशी असते, की तिला रोख रकमेचे उत्तरच नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन करून गावे झोपली होती. दिगंबर समाजाच्या दशलक्षण पर्वाचीही त्याच दिवशी सांगता झाली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे क्षणात खाली आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. ज्या मुलांच्या घरी कर्ते माणूस उरले नाही, त्यांच्या हाती पैसे देऊन काय साधणार होते? भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्याला नेली. त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची जबाबदारी संघटनेने घेतली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातूनच उभे राहिले. द्रव्याची निवड म्हणजे काय, याचे हे उदाहरण समाजाच्या अगदी जवळचे आहे. ज्या मुलाचे घर हरवले त्याला घर, आणि ज्या घराचे उत्पन्न बुडाले त्याला पैसा.

दुसरा प्रश्न विधीचा. पैसा देणे धान्य देण्याहून सोपे वाटते, प्रत्यक्षात ते अधिक काटेकोरपणा मागते. बाजार चालू आहे का, जवळची बँक किंवा ग्राहक सेवा केंद्र उघडे आहे का, एका कुटुंबाला महिनाभर तगून राहण्यास किती रक्कम लागेल, हे आधी पाहावे लागते. मग घरोघर जाऊन यादी, यादीची पडताळणी, रकमेचे वाटप, तक्रार ऐकण्याची सोय, आणि काही आठवड्यांनी पुन्हा भेट देऊन पैसा मिळाला का व कशाला उपयोगी पडला याची विचारपूस. यातील एक पायरी गाळली, तरी सगळी शिडी डळमळते.

किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात या विधीचा मोठा धडा मिळाला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी चर्चा झाली ती दोन हजारांहून अधिक गावांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या या कार्यक्रमात घरमालकाने स्वतः बांधकाम करून घ्यायचे आणि काम जसजसे पुढे सरकेल तसतशी हप्त्याने मदत मिळवायची, अशी रीत होती. आपला हक्क किती, पुढचा हप्ता केव्हा, अभियंत्याचा दाखला कसा मिळवायचा, हे गावातील सामान्य माणसाला कळत नव्हते. तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने सुमारे १,३०० गावांत गावच्याच महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. प्रेमा गोपालन यांनी या संस्थेची धुरा दीर्घकाळ वाहिली. या महिला घरोघर फिरून माहिती देत, अडलेल्या हप्त्यांचा पाठपुरावा करीत, बांधकामाची गुणवत्ता पाहत. ज्या स्त्रिया तोवर ग्रामसभेत मागे बसत, त्या शासकीय कचेरीत प्रश्न विचारू लागल्या. पैसा तिजोरीतून सुटतो तेव्हा मदतीचे काम अर्धेच झालेले असते. उरलेले अर्धे अशी समजावून सांगणारी माणसे पूर्ण करतात.

आजची वाट बँक खात्याची आहे. तिने मधले हात कमी केले, हे निःसंशय. तरी तिच्याही स्वतःच्या अडचणी आहेत. ई-केवायसी झालेले नाही, आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेले आहे, सातबारा अजून मृत वडिलांच्या नावावर आहे, भावांची वाटणी तोंडी झालेली आहे, बोटांचे ठसे कष्टाने झिजून यंत्राला उमटत नाहीत. अशा कारणांनी रक्कम अडते. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात बँकाच पाण्यात असल्याने मदतीतील ५,००० रुपये रोख आणि उर्वरित रक्कम खात्यात, असा मार्ग काढावा लागला होता. वाट कोणतीही असो. ज्या घराला त्या वाटेने चालता येत नाही, त्याच्यासाठी दुसरी पाऊलवाट ठेवणे हा विधीचाच भाग आहे.

तिसरा शब्द पात्र. योगायोग असा, की शास्त्रातील हाच शब्द तलाठ्याच्या यादीतही असतो: पात्र आणि अपात्र. शास्त्राने सुपात्रदान आणि अनुकंपादान यांत विवेक केला आहे. सुपात्रदानात गुणांचा विचार आहे. अनुकंपादानात समोरच्याचे दुःख हीच पात्रता. तो कोणत्या जातीचा, कोणत्या पंथाचा, गेल्या निवडणुकीत कोणाबरोबर होता, हे प्रश्न तेथे गैरलागू ठरतात. शासकीय निकषांना मोजमाप लागते आणि मोजमापाला कडा असतात. राष्ट्रीय निकषांत कपडे आणि भांडी यांसाठीची मदत घर कोसळलेल्या, वाहून गेलेल्या किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिलेल्या कुटुंबांसाठी धरलेली आहे. राज्याने काही वेळा ही अट शिथिलही केली. डोंगरउताराच्या गावात लोंढा येतो आणि काही तासांत ओसरतो, तेवढ्यात कणगी भिजते ती भिजतेच. शेतीच्या भरपाईचा आधार जमिनीचा उतारा असतो. मग ज्याच्या नावावर गुंठाही नाही तो शेतमजूर, बटईने शेत करणारा, भाड्याच्या खोलीतील शिलाईवाली, पालावरचे कुटुंब यांचे काय? पिकाचे नुकसान मालकाच्या नावे लिहिले जाते. बुडालेल्या मजुरीची नोंद कोणत्याही पंचनाम्यात नसते.

धर्मादाय मदतीचे खरे क्षेत्र येथेच आहे. सरकारच्या यादीत ज्यांना स्थान आहे त्यांनाच पुन्हा देण्याऐवजी, यादीच्या कडेवरून घसरलेल्या घरांपर्यंत समाजाने जावे. अशी घरे शोधण्यास मोठी यंत्रणा लागत नाही. गावातील आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतील गुरुजी आणि पाणी भरणाऱ्या दोन-चार बायका एकत्र बसल्या, तर तासाभरात खरी यादी होते. ती चावडीवर किंवा मंदिराच्या ओट्यावर सर्वांसमक्ष वाचली, की वशिल्याची नावे आपोआप गळतात आणि राहून गेलेली नावे पुढे येतात.

पात्राच्या विचारात आणखी एक नाजूक गोष्ट दडलेली आहे. मदत ‘कुटुंबाला’ दिली असे म्हटले जाते, परंतु कुटुंबाला हात नसतात. पैसा कोणा एकाच्या हातात पडतो. तो हात व्यसनी पुरुषाचा असेल, तर कागदावर पोहोचलेली मदत चुलीपर्यंत पोहोचत नाही. मृत्यूपोटी मिळणारे चार लाख रुपये विधवेच्या नावे आले, तरी ते सासरी राहतील की माहेरी जातील यावरून घरे फुटतात. अनाथ बालकाच्या नावे रक्कम आली, की दूरचे नातलगही अचानक जवळचे होतात. एप्रिल ते जून २०२० या टाळेबंदीच्या तीन महिन्यांत केंद्र सरकारने जनधन खाते असलेल्या महिलांच्याच खात्यात दरमहा ५०० रुपये जमा केले, त्यामागे हाच विचार होता. रक्कम लहान होती, पण ती बाईच्या नावे होती. स्थानिक मदत देतानाही घरातील स्त्रीच्या हाती किंवा तिच्या खात्यात द्यावी. आणि जेथे त्यामुळे तिलाच जाच होण्याचा संभव असेल, तेथे तिला एकांतात विचारून ठरवावे.

चौथा शब्द दाता, आणि तो आरशासारखा आहे. मराठवाड्यातील जैन समाज मोठ्या प्रमाणावर व्यापारात आहे. लातूरच्या आडत बाजारात, उदगीर-अहमदपूरच्या पेठांत, खेड्यांतील किराणा आणि कापड दुकानांत पूरग्रस्त शेतकऱ्याचे नाव दोन वह्यांत असते: एक दानाची, दुसरी उधारीची. खात्यावर मदत जमा झाली हे कळताच दुसऱ्या वहीकडे हात जाणे मानवी आहे. मदतीची रक्कम कर्जखात्यात वळती करू नये, असे आदेश सरकार बँकांना देते. दुकानदाराला असा आदेश कोणी देत नाही. तो त्याने स्वतःलाच द्यायचा असतो. एका हंगामापुरते उधारीचे पान मिटून ठेवले, तर ते कोणत्याही पावतीवर न दिसणारे दान होय. व्यापाऱ्याचेही नुकसान झालेले असते, त्याचीही दुकाने बुडतात, हे खरेच; म्हणून हा त्याग सोपा नाही. परंतु रोख मदत शेवटी त्याच्याच दुकानात येते, आणि तेथे भाव वाढले किंवा माप घटले, तर सरकारने आणि संघाने दिलेले हजार रुपये नकळत आठशेचे होतात. खोटे माप आणि भेसळ यांची गणना शास्त्रकारांनी अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत केली आहे. आपत्तीच्या काळात भाव स्थिर ठेवणारा किराणा दुकानदार हा त्या गावाच्या मदतकार्याचा निम्मा भार उचलतो.

दात्याची दुसरी कसोटी प्रसिद्धीची. संच हातात देताना छायाचित्र, फलकावर नावे, समाजमाध्यमांवर चित्रफीत. देणगीदारांना हिशेब द्यावा लागतो हे मान्य करूनही, घेणाऱ्याचा चेहरा त्या हिशेबाचा पुरावा का असावा? कालपर्यंत ज्या शेतकऱ्याच्या खळ्यावरून चार जण पसा-कुडता घेऊन जात होते, त्याला आज कॅमेऱ्यासमोर हात पसरावा लागतो. काही जण म्हणूनच रांगेत येत नाहीत, आणि तेच बहुधा सर्वाधिक अडचणीत असतात. तेराव्या शतकात कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहांनी दीर्घ दुष्काळात धान्याची कोठारे खुली केली, ही कथा जैन घरांत परिचित आहे. त्यांच्या चरित्रग्रंथातील एक तपशील मात्र कमी सांगितला जातो. ज्या कुलीन माणसांना मागण्याची लाज वाटे, त्यांच्यासाठी लाडवांत सुवर्णमुद्रा लपवून त्या दिल्या जात. त्या लाडवांना ‘लज्जापिंड’ म्हटले आहे. घेणाऱ्याची लाज राखणे हा दानविधीचाच भाग आहे, हे त्या काळच्या श्रावकाला उमगले होते. आज लाडवाची जागा बँक खाते घेऊ शकते. खात्यात शांतपणे जमा झालेल्या रकमेला साक्षीदार लागत नाही. हिशेबाला बँकेची नोंद आणि सर्वांसमक्ष वाचलेली यादी पुरेशी असते.

‘रोख दिले तर उधळतील’ ही शंका मदत समित्यांच्या बैठकीत हमखास निघते. काही जण उधळतीलही. धान्य विकून उधळणारेही असतात. परंतु बहुतेक घरांतला पैसा अन्न, औषध, बियाणे, मुलांची शाळा आणि घराची डागडुजी याच वाटांनी जातो. शिवाय ही शंका दानाच्या व्याख्येशीच विसंगत आहे. वस्तूवरील स्वामित्व सोडल्याशिवाय दान होत नाही. देऊनही तिच्या वापरावर हुकमत ठेवण्याची इच्छा हा परिग्रहाचाच एक शेष आहे. मदतीनंतर घरी जाऊन विचारपूस करावी ती झडती म्हणून नव्हे. रक्कम कमी पडली का, उशिरा आली का, कोणाला मिळालीच नाही का, हे कळून पुढचे दान अधिक नेटके व्हावे, म्हणून.

मराठवाड्यात पुढचा पावसाळा येणार, कधी तो अती येणार, कधी येणारच नाही. त्याआधी प्रत्येक गावच्या संघाला चार कामे करून ठेवता येतील. वर्षभर थोडा थोडा साठवलेला आपत्ती निधी, ज्यातून पाण्याचा लोंढा ओसरताच आठवडाभरात पहिली रक्कम देता येईल. गावातील भूमिहीन, एकल महिला, वृद्ध आणि अपंग यांच्या घरांची यादी, दरवर्षी तपासलेली. त्या घरांतील स्त्रियांची खाती चालू आहेत का, आधार योग्य खात्याला जोडलेले आहे का, वारसनोंद झाली आहे का, याची पाहणी. शाळा-महाविद्यालयांतील मुले-मुली हे काम एका रविवारी करू शकतात. आणि गावातील दुकानदारांचा आपसातील एक करार, की आपत्तीनंतरचे तीन महिने भाव वाढवायचे नाहीत आणि मदतीच्या पैशातून उधारी मागायची नाही. पर्युषण आणि दशलक्षण पर्वे ऐन पावसाळ्यात येतात. उत्तम त्यागाच्या दिवशी ही यादी आणि हा करार संघासमोर वाचला गेला, तर त्या दिवसाच्या प्रवचनाला गावात लगेचच काम मिळेल.